ताप उतरला, पण संसर्ग?

रविवारी बारसे. घर पाहुण्यांनी भरू लागले होते. मंगळवारी आत्याबाईंच्या सहा वर्षांच्या मुलाला सणकून ताप भरला आणि नाक गळू लागले. गुरुवारी रात्री ताप उतरला. शुक्रवारी स्वारी अंगणात पळू लागली. "वहिनी, आता कुठे ताप आहे त्याला? बाळाला मांडीवर घ्यायचं म्हणून हटून बसलाय. घेऊ दे ना," आत्याबाई म्हणाल्या. बारशाला नाव ठेवायचा मान त्यांचा, त्यामुळे वहिनींना नाही म्हणवेना.

त्याच घरात आजोबांना मात्र व्हरांड्यातच बसवलेले. त्यांची सर्दी तीन आठवड्यांपूर्वीच गेली, पण खोकला हटत नव्हता. कुणी त्यांना बाळाजवळ फिरकू देत नव्हते.

ताप गेला म्हणजे मुलगा बरा आणि खोकला आहे म्हणजे आजोबा धोक्याचे, असा हा घरगुती हिशेब. घरोघरी तो असाच केला जातो. पण आजार अंगात किती दिवस राहतो आणि तो दुसऱ्याला किती दिवस लागू शकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्लूचेच पाहा. ताप येण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच रोगी विषाणू पसरवू लागतो. पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे. मोठ्या माणसांत हा काळ बहुधा पाच ते सात दिवसांत संपतो. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रोगी मात्र दहा दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ विषाणू पसरवू शकतात. मंगळवारी आजारी पडलेल्या मुलाचा रविवारी जेमतेम पाचवा दिवस. शिवाय सहा महिन्यांच्या आतील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याचा बचाव भोवतालच्या माणसांवरच अवलंबून असतो.

आरएसव्ही नावाच्या विषाणूचेही तसेच. मोठ्यांना त्याची साधी सर्दी होते, तान्ह्या बाळाला मात्र श्वास घेणे कठीण होऊ शकते. तो साधारण तीन ते आठ दिवस पसरतो.

कोरोनाने शिकवलेले

लंडनमध्ये 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम कोरोनाचा विषाणू सोडण्यात आला. 2022 साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अठरा जणांना संसर्ग झाला. त्यांच्या घशात विषाणू दोन दिवसांच्या आतच सापडू लागला, पाचव्या दिवसाच्या सुमारास तो सर्वाधिक होता आणि जिवंत विषाणू सरासरी साडेसहा दिवस, काहींत तर बारा दिवसांपर्यंत मिळाला. तपासणीत मात्र त्यानंतरही विषाणूचे अवशेष सापडत राहतात. मेलेल्या विषाणूचे तुकडे कुणाला आजारी पाडत नाहीत. म्हणूनच मे 2020 मध्ये आपल्याकडे नियम बदलला. सौम्य लक्षणांच्या रोग्याला दहा दिवसांनंतर, तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता घरी सोडले जाऊ लागले.

ताप गेला की नाही, हेही गोळीच्या जोरावर ठरवू नये. औषध न घेता पूर्ण चोवीस तास ताप नसेल तरच तो गेला म्हणायचा. सकाळी पॅरासिटामॉल पाजून मुलाला शाळेत धाडणाऱ्या आया काही कमी नाहीत. अर्थात दोष एकट्या आयांचा नाही. शंभर टक्के हजेरीला बक्षीस देणाऱ्या शाळांनीही याचा विचार करायला हवा.

आणि आजोबांचा खोकला?

विषाणू गेल्यावरही श्वासनलिका हुळहुळी राहते. थंड हवा, फोडणीचा ठसका, एवढेही पुरते. असा खोकला तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतो आणि त्यातून सर्दी पसरत नाही.

तरीही आजोबांना लगेच मोकळीक देता येत नाही, त्याचे कारण वेगळे. आपल्या देशात दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी लागते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. आजोबांना तीन आठवडे व्हरांड्यात बसवले गेले, पण तपासणीला नेण्याचे कुणालाच सुचले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनींनी घरच्या डॉक्टरांना फोन केला. शनिवारी आजोबांची थुंकी तपासायला गेली. रविवारी बारसे ठरल्यावेळी झाले. खिडक्या सताड उघड्या होत्या. मुलाच्या सततच्या सहवासात असलेल्या आत्याबाईंनी साबणाने हात धुऊन, तोंडाला मास्क लावून बाळाच्या कानात नाव सांगितले. मुलगा फुरंगटून अंगणातून पाहत होता. पुढच्या शनिवारी बाळ मांडीवर मिळेल, असे त्याला कबूल केले होते. तो बोटांवर दिवस मोजत होता.