उसन्या पैशांची मेजवानी

प्रभू येशूच्या दाखल्यांमधून पैसा वगळला तर किती दाखले उरतील? हरवलेले नाणे, दोन ऋणको, अन्यायी कारभारी, कोठारे वाढवू पाहणारा मूर्ख धनवान, द्राक्षमळ्यातील मजुरांची मजुरी – व्यवहाराच्या भाषेतच प्रभूने देवराज्य समजावून सांगितले. तरीही ‘पैशांचे विषय वेदीवरून नकोत’ अशी एक समजूत आपल्या श्रद्धावंतांत आढळते. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व वाइटाचे मूळ म्हणून पैशाकडे नव्हे, तर पैशाच्या लोभाकडे बोट दाखवले आहे. ते वचन आपण बहुधा अर्धेच सांगतो आणि पैशालाच दोष देऊन मोकळे होतो. ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, आपल्या हाती असलेल्या धनाचे आपण मालक असलो तरी त्याआधी कारभारी आहोत. कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब देण्यासाठी तो आधी ठेवावा लागतो.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने अगोदर बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभूचे उदाहरण (लूक १४) शिष्यत्वाची किंमत सांगण्यासाठी आलेले आहे. परंतु ज्याने ते दिले तो सुताराच्या घरात वाढला होता, हे विसरता कामा नये. महिन्याच्या आरंभी पतिपत्नीने एकत्र बसून उत्पन्न व खर्च लिहून काढणे ही साधी गोष्ट आहे. तिच्यावर अधिक शब्द खर्च करीत नाही. एवढेच सांगतो की, जेथे पतीचे कर्ज पत्नीला वसुली अधिकारी दारात आल्यावर कळते, तेथे विवाहसंस्कारात दिलेल्या विश्वासाच्या वचनालाच तडा गेलेला असतो.

खरा प्रश्न आपल्या समारंभांचा आहे. बेनसिराच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी एक मार्मिक सूचना येते: थैलीत काही नसताना उसन्या पैशांवर मेजवान्या झोडून स्वतःला भिकारी करून घेऊ नकोस. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात जेरुसलेममध्ये दिलेला हा इशारा आजच्या वसईत वाचला तर तो कोणा शेजाऱ्याने कालच दिला असावा असे वाटते. पूर्वी लग्नाचा मांडव आळीतली माणसे घालीत, स्वयंपाकाला शेजारणी येत, आणि जे वाडीत पिकले त्यातले पुष्कळसे पानात पडे. आज मांडवाच्या जागी सभागृह आले, शेजारणींच्या जागी केटरर आला, आणि आता साखरपुडा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, इतकेच काय बाळाचा स्नानसंस्कारही लग्नाच्या थाटात होऊ लागला आहे. ज्याची ऐपत आहे त्याने आनंद जरूर करावा. काना गावच्या लग्नात प्रभूने द्राक्षारस कमी पडू दिला नाही. मात्र कानाच्या यजमानाने तो द्राक्षारस हप्त्यांवर घेतला नव्हता!

हप्त्याचे गणित मांडून पाहू. लग्नासाठी पाच लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज बारा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ११,१२० रुपये भरावे लागतात आणि एकूण परतफेड ६ लाख ६७ हजारांच्या घरात जाते. पहिले अपत्य शाळेत जाऊ लागते तरी त्याच्या आईवडिलांच्या लग्नातील जेवणाचे पैसे फिटलेले नसतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी याहून वाईट. दरमहा साडेतीन टक्के हा आकडा किरकोळ दिसतो, पण वर्षाला तो ४२ टक्के होतो, व्याजावरचे व्याज वेगळेच. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्जही याच जातीचे. ज्या दराने गावचा सावकार कर्ज देई तेव्हा आपण त्याला रक्तपिपासू म्हणत होतो, त्याच दराचे कर्ज आपण आता स्वतःच्या अंगठ्याने मंजूर करून घेतो.

व्याजाविषयी ख्रिस्तसभेने शतकानुशतके विचार केला आहे. गरिबाला उसने दिले तर त्याच्याकडून व्याज घेऊ नये, ही निर्गमाच्या पुस्तकातील आज्ञा मध्ययुगात फार काटेकोरपणे मानली जाई. पुढे फ्रान्सिस्कन संन्याशांनी इटलीत गरिबांसाठी तारणपेढ्या काढल्या. पेरुजिया येथील पेढी १४६२ सालची. पेढीचा खर्च भागेल एवढी अल्प रक्कम कर्जदाराकडून घेणे हे पाप आहे काय, यावर मोठा वाद झाला, आणि १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेत पोप लिओ दहावे यांनी अशा पेढ्यांना मान्यता दिली. तेव्हापासून भेद स्पष्ट झाला: सेवेचा खर्च व न्याय्य मोबदला निराळा, आणि गरजवंताची अडचण ही मिळकत समजणे निराळे. आपल्याकडे १९१८ साली फादर पी. जे. मोनीस यांनी बॅसिन कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला, तो याच विचारपरंपरेत बसतो. बचत ही तिथे सद्गुण होती, कारण एकाची बचत दुसऱ्याच्या वाडीचे कर्ज होत असे.

सहकाराबरोबर एक शब्द घरोघरी आला – जामीनदार. नात्यागोत्यात ‘नुसती सही कर’ म्हणून जो कागद पुढे येतो तो नुसता नसतो. भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बेनसिराने एकोणतिसाव्या अध्यायात या विषयाला किती जागा दिली आहे ते मुळातून वाचावे. उसने देणे ही दया आहे असे तो म्हणतो. उसने मिळेपर्यंत हात चुंबणारा माणूस परतफेडीच्या वेळी कसा कुरकुरतो तेही तो रंगवतो. चांगला मनुष्य शेजाऱ्याला जामीन राहतो हे सांगून, जामीनकीने अनेक सुस्थितीतली घरे बुडाल्याचेही बजावतो. निष्कर्ष असा की, शेजाऱ्याला यथाशक्ती साहाय्य करावे, पण आपण स्वतः त्यात पडणार नाही याची काळजी घ्यावी. माझे मत स्पष्ट सांगतो: जेवढी रक्कम बुडाली तरी नाते टिकेल तेवढीच नात्यात द्यावी, आणि तीही लिहून ठेवावी.

दानाविषयी अलीकडे काही कॅथॉलिक कुटुंबांत संभ्रम दिसतो. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दिला तर देव दसपट परत करतो, अशी शिकवण इकडून तिकडून कानावर पडते. ख्रिस्तसभेने दशांशाची सक्ती केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे ख्रिस्तसभेच्या गरजा भागवाव्यात एवढीच तिची आज्ञा आहे. देवाशी गुंतवणुकीचा करार होत नसतो. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला प्रभूने परताव्याचे आश्वासन दिले नाही. याकोबाच्या पत्रात मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते असे म्हटले आहे. तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईचा पगार थकवून चर्चच्या सणाला मोठी देणगी जाहीर करण्यात कोणते पुण्य?

आता मृत्युपत्र. हा शब्द उच्चारला की आपले ज्येष्ठ क्रूसाची खूण करतात आणि विषय बदलतात. मग त्यांच्या दफनविधीनंतर महिनाभरात भावंडे वकिलांकडे जातात. महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे (गोव्याचा कायदा निराळा). मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते. मुलगा-मुलगी हा भेद नाही. लग्न झालेल्या मुलीने ‘हक्क सोडावा’ असा आग्रह धरणाऱ्या भावांनी हे ध्यानात घ्यावे. दुसरी बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. विवाहित मुलगा आईच्या आधी मृत्यू पावला व त्याला मुले असली, तर त्याच्या मालमत्तेत आईला कायद्याने काहीच मिळत नाही. ज्या आईने वाडी विकून त्याला घर घेऊन दिले, ती त्या घरात सुनेच्या मर्जीवर राहते. चार ओळींचे मृत्युपत्र हे टाळू शकते.

ते साध्या कागदावर चालते, नोंदणी सक्तीची नाही, मात्र दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये. त्याचे देणे रद्द होते. मृत्युपत्र केल्यानंतर विवाह झाला तर ते आपोआप रद्द ठरते, म्हणून विधुर-विधवांनी पुनर्विवाहानंतर ते नव्याने करावे. पूर्वी ख्रिस्ती व्यक्तीला जवळचे नातलग असताना मृत्यूपूर्वी वर्षभराच्या आत केलेल्या मृत्युपत्राने धर्मादाय कार्यासाठी मालमत्ता ठेवता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते कलम रद्द केले. हयातीतच सारे मुलांच्या नावे करून देण्याची घाई मात्र नको. बेनसिरा तेहतिसाव्या अध्यायात पिता, पती व बंधू या सर्वांनाच सांगतो की, जोवर श्वास आहे तोवर आपली जागा कोणाला देऊ नये, वाटणी अखेरच्या दिवशी करावी. आणि केलेला कागद कोठे ठेवला आहे, ते घरातील किमान दोघांना माहीत असू द्यावे.