अ‍ॅशिंग्टन : एका खाणगावाचा चित्रवर्ग



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. माझी रेषा शेवटपर्यंत वाकडीच राहिली. तरीही त्यांनी मला कधी बाहेर काढले नाही. पुढे मी स्वतः अध्यापनात आयुष्य घालविले. म्हणून आजच्या विषयासाठी उत्तर इंग्लंडमधील अ‍ॅशिंग्टन या खाणगावाचा इतिहास मी निवडला आहे.

न्यूकॅसलच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रापासून जवळच हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे थोडी शेते आणि वस्त्या होत्या. 1867 मध्ये येथे मोठी खाण सुरू झाली आणि गाव झपाट्याने वाढले. आयर्लंड, स्कॉटलंड, तसेच कॉर्नवॉलमधील कथिलाच्या खाणी सोडून कामगार आले. कंपनीने त्यांच्यासाठी विटांच्या चाळी बांधल्या. जुन्या चाळींना नावे देण्याचीही तसदी घेतली नाही. पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग असे नुसते क्रमांक! पुढे जगातील सर्वांत मोठे कोळसाखेडे अशी या गावाची ख्याती झाली.

त्या ख्यातीची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. शेजारच्या वुडहॉर्न खाणीत 13 ऑगस्ट 1916 रोजी वायूचा स्फोट होऊन 13 माणसे दगावली. तो रविवार होता. नेहमीची पाळी खाली उतरलेली असती, तर आकडा कितीतरी मोठा झाला असता.

या गावाचे फुटबॉलपटू आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतील. 1966 साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील जॅक आणि बॉबी चार्लटन हे बंधू येथलेच. त्यांचे वडील खाणकामगार होते. परंतु मला सांगावयाचे आहे ते 1934 मधील एका रात्रवर्गाविषयी.

कामगारांच्या शिक्षणासाठी 1903 मध्ये स्थापन झालेल्या एका संघटनेतर्फे गावात वर्ग चालत. खाणकामगारांनी उत्क्रांतिवादाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. आता त्यांना चित्रकलेचे रसग्रहण शिकावयाचे होते. न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कॉलेजातील चित्रकलेचे अध्यापक रॉबर्ट लायन यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी इटलीतील प्रबोधनकाळच्या चित्रांच्या काचपट्ट्या पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला. श्रोते सभ्य होते, जिज्ञासूही होते. पण व्याख्यान त्यांच्यापर्यंत पोहोचेना. अमुक चित्र थोर आहे, हे गुरुजी सांगतात म्हणून मान्य करण्यास ती मंडळी तयार नव्हती. ते थोर कसे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे होते.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. वर्ग आपल्यापासून दूर चालला आहे, ही जाणीव प्रत्येक शिक्षकाला केव्हा ना केव्हा होते. मलाही झाली होती; आणि मी काय केले? आवाज चढविला आणि टिपणे वाढविली. लायन यांनी काचपट्ट्या बाजूला ठेवल्या. तुम्ही स्वतःच चित्रे काढा, असे त्यांनी सुचविले. प्रथम लिनोकट, मग रंग. दर आठवड्यास विषय द्यावा, प्रत्येकाने घरी, पाळी संपल्यावर चित्र करावे आणि वर्गात सर्वांनी मिळून त्याची चिकित्सा करावी, असा क्रम पडला. भिंतींना लावावयाचा रंग आणि पुठ्ठ्याचे वा लाकडाचे तुकडे, एवढ्या साहित्यावरही काम भागे.

त्यांनी रंगविले ते आपलेच जगणे. वाकून कोळसा फोडणारे गडी, खाणीतील तट्टे, कबुतरखाने, शर्यतीचे शिडशिडीत कुत्रे, घरी चिंध्यांची सतरंजी करणारी माणसे. ऑलिव्हर किलबर्न हे त्यांतील एक अग्रणी. वयाच्या तेराव्या वर्षी ते खाणीत कामास लागले होते. त्यांच्या चित्रांत आक्रोश नाही, शोभाही नाही. माणूस कोणत्या अंगावर आडवा होऊन काम करतो, दिव्याचा उजेड कोठवर जातो, याची अचूक माहिती आहे. बाहेरून आलेला चित्रकार खाणीतला काळोख रंगवील. किलबर्न यांना त्या काळोखात छत किती उंचीवर आहे हे ठाऊक होते.

1936 मध्ये न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत त्यांचे पहिले प्रदर्शन झाले. लंडनच्या कलावर्तुळातही नाव पोहोचले. तरीही कोणी नोकरी सोडून चित्रकार झाला नाही. चित्रे व्यक्तीची नव्हेत, मंडळाची, असा त्यांचा नियम होता. लायन 1942 मध्ये एडिंबरोला गेले, त्यानंतरही मंडळ चालूच राहिले. स्वतःच्या एका लाकडी खोलीत ही मंडळी दर आठवड्यास जमत. 1980 मध्ये त्यांची चित्रे चीनमध्येही दाखविली गेली. 1984 च्या सुमारास ती खोली गेली आणि मंडळ विसर्जित झाले.

तोवर खाणींचीही अखेर आली होती. 1947 च्या राष्ट्रीयीकरणाने मोठ्या आशा निर्माण केल्या होत्या. पण पुढे तेल आणि वायू यांनी कोळशाची जागा घेतली आणि खर्चाचे गणित बिघडले. वुडहॉर्न 1981 मध्ये बंद झाली. 1984-85 चा वर्षभराचा संप कामगार हरले. अ‍ॅशिंग्टनची खाण 1988 मध्ये आणि जवळच्या एलिंग्टनची 2005 मध्ये मिटली. खाणीवर उभे असलेले गाव रोजगाराविना राहिले आणि ती पोकळी अजून पुरती भरलेली नाही. 1964 मध्ये बंद पडलेली प्रवासी आगगाडी मात्र डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या साठ वर्षांत मालगाड्यांमुळे रूळ टिकून राहिले होते.

त्याच गाडीने मी गेल्या वर्षी तेथे गेलो. वुडहॉर्नच्या खाणीत आता संग्रहालय आहे. शाफ्टवरील चाके जागच्या जागी उभी आहेत आणि त्या मंडळाची चित्रे तेथे एकत्र आहेत. ती विकून वाटून घेतली असती, तर आज गावाला आपले जुने रूप दाखवावयास छायाचित्रांखेरीज फारसे काही उरले नसते.

परतल्यावर मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने आपल्या शाळेच्या कोठीतील दोन लाकडी पेट्या उघडून पाहिल्या. सरांनी जपलेली विद्यार्थ्यांची चित्रे त्यांत आहेत. मागे इयत्ता आणि साल त्यांच्या हस्ताक्षरात आहे. एका पेटीस वाळवी लागली आहे. दुसरी अद्याप शाबूत आहे. या सुट्टीत आठवडाभर रोज दुपारी मी तेथे बसणार आहे. ज्यांना येणे शक्य असेल, त्यांनी यावे. सोबत मऊ ब्रश आणि जुने सुती कापड आणावे.