चर्चमधल्या मूर्ती जांभळ्या कापडाने का झाकतात? बायबलमधल्या ‘पडद्या’चा अर्थ काय?

ईस्टरच्या आधीच्या दोन आठवड्यांत वाशी, नेरूळ किंवा वसईतल्या एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये गेलात, तर क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या दिसू शकतात. ज्याचं दर्शन घ्यायला लोक येतात, तेच झाकायचं कशासाठी? उत्तर बायबलमधल्या पडद्याच्या गोष्टीत आहे.

पडदा आला कुठून?

‘निर्गम’ या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात निवासमंडपाचं वर्णन येतं. त्यात निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताचा एक पडदा आहे. पडद्यामागे परमपवित्रस्थान. तिथे फक्त प्रमुख याजक जाणार, तेही वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी. बाकी सगळे बाहेर.

याच पुस्तकाच्या 34व्या अध्यायात मोशे सीनाय पर्वतावरून उतरतो, तेव्हा त्याचा चेहरा इतका तेजस्वी असतो की लोक जवळ यायला घाबरतात. मग तो चेहऱ्यावर आच्छादन घेतो. गंमत म्हणजे देवासमोर जाताना मात्र तो ते काढून ठेवतो.

म्हणजे इथे पडदा लाज लपवण्यासाठी नाही. पलीकडे काहीतरी पवित्र आहे आणि आपण अजून तिथे पोहोचलेलो नाही, हे तो सांगतो.

मग तो फाटला कसा?

येशूचा क्रूसावर मृत्यू होतो त्या प्रसंगी यरुशलेमच्या मंदिरातला पडदा फाटला, असं मत्तय, मार्क आणि लूक तिघेही सांगतात. मत्तय आणि मार्क यांच्या मते तो वरून खालपर्यंत फाटला. ख्रिस्ती परंपरा याचा अर्थ असा लावते: माणसाने फाडला असता तर खालून फाटला असता. इथे वाट देवाने स्वतः मोकळी केली. ‘इब्री लोकांस पत्र’ तर त्या पडद्याला येशूचं शरीरच म्हणतं.

झाकलेल्या क्रूसाचा अर्थही यातून उलगडतो. गुड फ्रायडेच्या विधीत तो क्रूस तीन टप्प्यांत उघडण्याची पद्धत आहे. आधी झाकल्यामुळे उघडणं जाणवतं.

‘अपोकॅलिप्स’ म्हणजे जगबुडी नाही?

सिनेमांमुळे तसं वाटतं. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘झाकण दूर करणं’ असा आहे. मराठी बायबलमध्ये शेवटच्या पुस्तकाचं नाव ‘प्रकटीकरण’ आहे. मराठी नावाने मूळ अर्थ नीट जपला आहे.

बायकांनी डोकं झाकण्याचं काय?

ती वेगळी गोष्ट आहे. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रार्थनेच्या वेळी स्त्रियांनी मस्तक झाकावं, असं म्हटलं आहे. कॅथलिक चर्चच्या 1917च्या कायदेसंहितेत हा नियम होता. 1983च्या संहितेत तो नाही. काही स्त्रिया आजही स्वेच्छेने डोकं झाकतात.

महाराष्ट्रातला एक पडदा

पडद्याआड कोण राहतं, हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी आयुष्यभर विचारला. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होतं. पण साध्या बायकांना ते कळावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. हे काम सुमारे 18 वर्षं चाललं. छपाईच्या कामात मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांचेच हात होते. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.

अवघड भाषा हासुद्धा एक पडदाच असतो. ज्या बायकांना समाजाने अक्षरापासून लांब ठेवलं होतं, त्यांनीच तो ग्रंथ छापला. पडदा फाटण्याचा याहून सोपा अर्थ सांगता येणार नाही.