खिडकी कुणाच्या उंचीची?

बँकेत असताना इमारतींच्या कर्जाची शेकडो प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली. नकाशा, अंदाजपत्रक, जामीनदार, सगळं मी बारकाईनं तपासत असे. खिडकी जमिनीपासून किती उंचावर आहे, हे मात्र एकदाही पाहिलं नाही. निवृत्तीनंतर वर्ध्याजवळच्या एका गावानं बालवाडीच्या बांधकाम समितीवर मला घेतलं, तेव्हाही नाही.

उद्घाटनाला साडेतीन वर्षांची नात सोबत होती. भाषणं चालू असताना बाहेरून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. ती टाचा उंचावून भिंतीला चिकटली. "आबाजी, उचला ना! मला नुसती भिंतच दिसते." खिडकी चार फुटांवर होती, नात सव्वातीन फुटांची. समितीतल्या आम्हा सर्वांना बैल छान दिसत होते.

मनाला ते लागलं. पुढच्या आठवड्यात सेवाग्रामला गेलो. बापूकुटी लहानपणापासून पाहतोय, पण या वेळी जमिनीवर बसून पाहिली. बापूंची बैठक, बसकं मेज, मीराबेननं भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं. उभ्यानं पाहिलं तर हे सगळं ठेंगणं वाटतं. बसलं की हाताशी येतं. मूल तर सदा याच उंचीवर असतं! 1944 साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी नई तालीम बालपणापासून म्हातारपणापर्यंत नेण्याचा विचार मांडला. त्यातलं पूर्व-बुनियादी शिक्षणाचं काम शांता नारुळकरांनी याच सेवाग्रामात केलं.

मॉन्टेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये मुलांच्या मापाची टेबलं-खुर्च्या केल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तर शाळाच आदिवासी पाड्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. 1975 पासून सरकारी योजनेत 'अंगणवाडी' हे नाव रूढ झालं. नावात अंगण राहिलं. बांधताना आपण आधी चार भिंतीच उभारतो. जपानमध्ये टोकियोजवळच्या फुजी बालवाडीचं छप्परच लंबगोल अंगण आहे. 2007 सालची ती इमारत. मुलं त्या छपरावर गोल-गोल धावतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा छपरावर धावणं नको; पण पत्र्याऐवजी कवेलू आणि दारात एक कडुनिंब, एवढं तर जमेल?

बाकीच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पायरी चार-पाच इंचांची. दप्तराची खुंटी मुलाच्या खांद्याशी. संडासाच्या दाराला आतून कडी नको. रेघोट्या मारायला भिंतीचा खालचा पट्टा काळा. आणि एखादा कोनाडा, जिथे रुसून बसता येईल, पण बाईंची नजर पोचेल. (रुसायला जागा हवीच. मोठ्यांनाही.)

समितीत मी विषय काढला. "आता तोडफोड?" एकानं विचारलं. पहिल्या खिडकीचा खर्च मी देतो म्हटलं, तेव्हा सगळे गप्प झाले.

गवंडी आला. "किती खाली घेऊ, आबाजी?" मी टेप काढला, पुन्हा खिशात ठेवला. नातीला भिंतीशी मांडी घालून बसवलं. त्यानं तिच्या हनुवटीखाली गेरूची रेघ ओढली आणि म्हणाला, "गज मात्र बसवावे लागतील, पोरं चढतील."

गज बसले. पाच खिडक्या अजून बाकी आहेत.