काल्पनिक वंशांची शहरे आणि खरे विज्ञान

सुटीतल्या एका शिबिरात आम्ही सातवीच्या मुलांना एक काम दिले होते. प्रत्येकाला तीन कागद दिले आणि तीन शहरे काढायला सांगितली. पहिले डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्यांचे, दुसरे झाडांवर राहणाऱ्या लांब कानांच्या लोकांचे आणि तिसरे हिरव्या कातडीच्या धिप्पाड राक्षसांचे. हे तिन्ही प्रकारचे लोक बऱ्याच मुलांच्या ओळखीचे होते. संगणकावरच्या खेळांत ती त्यांना रोज भेटत होती.

तासाभराने चित्रे भिंतीवर लावली. बुटक्यांच्या डोंगरात मोठमोठ्या भट्ट्या पेटल्या होत्या, पण धूर बाहेर जायला वाट नव्हती. झाडावरच्या शहराला कठडे नव्हते. राक्षसांच्या शहरात मात्र जवळजवळ प्रत्येकाने हाडांचे ढीग आणि कचरा काढला होता. एका मुलाला आम्ही विचारले, "इथे एवढा कचरा का?" तो म्हणाला, "सर, ते लोक तसेच असतात ना!"

धुराड्याची आणि कठड्याची चूक विज्ञानाच्या तासाला दुरुस्त करता येते. 'ते लोक तसेच असतात' ही चूक अधिक खोल आहे. या लेखात दोन्ही चुकांचा विचार एकत्र करायचा आहे, कारण त्यांचे उत्तर एकच आहे.

खेळातली शहरे

ज्या शिक्षकांचा या खेळांशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. इंटरनेटवरून हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात, असे हे खेळ असतात. खेळणारा आपले पात्र निवडतो आणि ते कोणत्या वंशाचे आहे तेही ठरवतो. १९९९ साली आलेला 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ साली आलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे यातले दोन गाजलेले खेळ. दुसऱ्या खेळात सुरुवातीला आठ वंश आणि सहा मुख्य शहरे होती. बुटक्यांचे आयर्नफोर्ज हिमाच्छादित डोंगराच्या आत, निशाचर एल्फ लोकांचे डार्नासस एका अजस्र झाडाच्या माथ्यावर, ऑर्क नावाच्या राक्षसांचे ऑर्गिमार तांबड्या दरीत, तर बैलाच्या तोंडाच्या टॉरेन लोकांचे थंडर ब्लफ सपाट माथ्याच्या उंच टेकड्यांवर. अशी शहरे रचणारे कलाकार केवळ चित्रकार नसतात. त्यांना नगररचनाकाराचे प्रश्न सोडवावे लागतात. ते कसे सोडवले आणि कुठे राहून गेले, हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिला प्रश्न शरीराचा

आपल्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १८ सेंटिमीटर उंच असते. हे माप आपल्या गुडघ्याने ठरवले आहे. तीन फूट उंचीच्या माणसाला तीच पायरी आपल्याला दुप्पट उंच वाटावी तशी वाटेल. एव्हरक्वेस्टमध्ये ओगर आणि ट्रोल हे दांडगे वंश छोट्या लोकांच्या गावांत दारांमध्ये अडकत. मग ते मंत्राने लहान करणाऱ्याची मदत घेत! जिथे निरनिराळ्या मापाच्या शरीरांची ये-जा असते तिथे जिन्यापेक्षा उतार सोयीचा, हा यातला धडा. चाकांच्या खुर्चीवरून शाळेत येणाऱ्या मुलासाठी आपण उतार बांधतो तेव्हा हेच तत्त्व वापरतो.

आता राक्षसाकडे वळू. आपल्या दुप्पट उंच, दुप्पट रुंद आणि दुप्पट जाड असा प्राणी कल्पा. त्याचे वजन २ × २ × २ म्हणजे आठपट होईल. त्याच्या हाडांचा छेद मात्र २ × २ म्हणजे चौपटच वाढेल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट ताण येईल. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे दाखवून दिले होते. हाच हिशोब जमिनीलाही लागू पडतो. राक्षसाच्या पावलाखालची जागा चौपट आणि वजन आठपट, म्हणून जमिनीच्या दर चौरस फुटावर भार दुप्पट. आपल्याला पेलणारा माडीचा लाकडी तक्ता त्याला पेलेलच असे नाही. राक्षसांची घरे जाड दगडी भिंतींची आणि ठेंगणी दाखवली, तर त्याचे कारण 'रानटीपणा' नव्हे, हा हिशोब असू शकतो.

खेळात आणखी एक शरीर असते, ते म्हणजे खेळणाऱ्याच्या डोळ्याचे. पडद्यावरचे दृश्य पात्राच्या पाठीमागून आणि थोडे वरून दिसते. खोलीचे छत आपल्या घराइतके असले तर हा 'डोळा' छताला आपटतो. म्हणून या खेळांतल्या साध्या खानावळीचीही दारे आणि छते प्रमाणाबाहेर मोठी असतात. मुलांना हे सांगावे. त्या भव्यतेला वैभवाइतकेच दृष्टिकोनाचेही कारण आहे.

दुसरा प्रश्न हवेचा आणि उंचीचा

आयर्नफोर्जच्या मध्यभागी वितळलेल्या धातूची प्रचंड भट्टी आहे आणि तिच्याभोवती वर्तुळाकार रस्ता. दृश्य देखणे आहे. पण बंद डोंगरात भट्टी पेटली की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंगही नाही आणि वासही नाही. खेळातल्या बुटक्यांना या वायूचा त्रास होत नाही, हे त्यांचे नशीब.

खऱ्या माणसांनी मात्र हा प्रश्न सोडवला आहे. तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागात डेरिनकुयु नावाचे जमिनीखालचे शहर आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकात ते अनेक मजले खाली, सुमारे ८५ मीटर खोलपर्यंत कोरलेले आहे. त्यात कोठारे आहेत, तबेले आहेत, आणि संकटात आतून वाट बंद करण्यासाठी चाकासारखे गोल दगड आहेत. पण त्याचा प्राण म्हणजे वरपासून खालपर्यंत खोदलेली हवेची उभी विवरे. ती नसती तर ते शहर राहिले नसते, त्याचे थडगे झाले असते.

झाडावरच्या शहराची अडचण वेगळी. एव्हरक्वेस्टमधले केलेथिन हे शहर झाडांना बांधलेल्या फळ्यांवर आणि झुलत्या पुलांवर वसले होते. नवखे खेळाडू तिथून पडून मरत. त्यासाठी ते शहर आजही जुन्या खेळाडूंच्या आठवणीत आहे. आमच्या मुलांनी विसरलेला कठडा तिथेही अपुराच होता! या निमित्ताने जे. बी. एस. हाल्डेन यांच्या १९२६ सालच्या 'योग्य आकार' या विषयावरील निबंधाची आठवण होते. (हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले, हे अनेकांना माहीत असेल.) खोल खाणीत पडलेला उंदीर वाचतो, माणूस वाचत नाही, असे त्यांनी दाखवले. कारण तेच. प्राणी लहान होत जातो तसे वजन झपाट्याने घटते, पण हवेचा विरोध ज्यावर अवलंबून असतो ते पृष्ठफळ तितक्या झपाट्याने घटत नाही. तेव्हा उंदराएवढ्या लोकांच्या वृक्षनगरीला कठडा नसला तरी चालेल. माणसाएवढ्या एल्फना तो हवाच.

आणि झाड तरी किती उंच असावे? आज माहीत असलेले सर्वांत उंच झाड कॅलिफोर्नियातील एक रेडवूड आहे. त्याची उंची सुमारे ११६ मीटर. मुळांनी शोषलेले पाणी शेंड्यापर्यंत ओढून नेताना गुरुत्वाकर्षण आड येते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने झाडाच्या उंचीची मर्यादा १२२ ते १३० मीटरच्या आसपास असावी, असा अंदाज दिला. डार्नाससचे झाड या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले होते. कल्पनेत तसे चालते. पण मर्यादा कोणती ओलांडली, हे ओळखता आले की कल्पनेची गोडी वाढते.

तिसरा प्रश्न बाजाराचा

शहर सुंदर असले म्हणजे तिथे माणसे राहतात असे नाही. वॉरक्राफ्टच्या पहिल्या वर्षात एका पक्षाचे लिलावघर फक्त आयर्नफोर्जमध्ये आणि दुसऱ्याचे फक्त ऑर्गिमारमध्ये होते. (तिसरे एका तटस्थ गावात होते.) वस्तू विकायची तर तिथेच जावे लागे. साहजिकच त्या दोन शहरांत तोबा गर्दी झाली. डार्नाससची मंदिरे आणि तळी मात्र ओस पडली. जानेवारी २००६ मध्ये इतर शहरांतही लिलावघरे आली आणि ती एकमेकांना जोडली गेली, तेव्हा गर्दी काहीशी विभागली.

ही गर्दी संगणकाला का झेपत नव्हती, ते वर्गात सहज समजावता येते. एका चौकात दहा जण असतील तर प्रत्येकाच्या हालचालीची खबर उरलेल्या नऊ जणांना द्यावी लागते, म्हणजे १० × ९ = ९० खबरी. शंभर जण असतील तर १०० × ९९ = ९,९०० खबरी. माणसे दहापट झाली, काम एकशे दहापट झाले.

दाटीचा दुसरा परिणाम सप्टेंबर २००५ मध्ये दिसला. एका दूरच्या ठिकाणच्या लढाईत पात्रांना जडणारा संसर्गजन्य शाप पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत शिरला आणि भराभर पसरला. काही खेळाडू पळाले, काहींनी इतरांवर उपचार केले, काहींनी तो मुद्दाम पसरवला. साथीच्या रोगांच्या अभ्यासकांनी याची दखल घेतली आणि २००७ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाले. काल्पनिक शहरातही रोगाने वंश पाहिला नाही. त्याने पाहिली ती फक्त गर्दी.

आता 'ते लोक तसेच असतात' याविषयी

या खेळांत एका वंशाला एक स्वभाव आणि त्या स्वभावाला शोभेल अशी एक वास्तुशैली दिलेली असते. खेळाडूला दुरूनच शहर ओळखता यावे, यासाठी हे सोयीचे आहे. पण त्यासाठी साहित्य कुठून आणले जाते? टॉरेन लोकांच्या थंडर ब्लफमध्ये तंबूसारखी घरे आहेत, कोरलेले उंच खांब आहेत आणि सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांवरून हे घेतले आहे, हे पाहताक्षणी कळते. प्रत्यक्षात चामड्याचा तंबू हा मध्यवर्ती गवताळ मैदानावर रानरेड्यांच्या कळपांमागे फिरणाऱ्या लोकांचा. तो चटकन उतरवता येतो, हाच त्याचा गुण. कोरीव खांब वायव्य किनाऱ्यावरचे, कारण तिथल्या भरपूर पावसात प्रचंड देवदारवर्गी वृक्ष वाढतात. सपाट माथ्याच्या टेकड्या नैर्ऋत्येकडच्या कोरड्या प्रदेशातल्या. शेकडो मैल दूर राहणाऱ्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांसाठी केलेल्या गोष्टी एका काल्पनिक वंशाचा 'स्वभाव' म्हणून एकत्र आल्या. कारणे गळाली, नुसता देखावा उरला.

याउलट आपल्याकडे पाहा. कोकणातले घर जांभ्या दगडाचे आणि उतरत्या कौलारू छपराचे असते. सोलापूर-मराठवाड्याकडचे जुने घर जाड भिंतींचे आणि सपाट मातीच्या धाब्याचे असते. दोन्हीकडची माणसे मराठीच बोलतात. मग घरे वेगळी का? कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिकडे त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. पाणी झटकून टाकायचे की ऊन थोपवायचे, हा खरा प्रश्न. कोकणातले कुटुंब लातूरला नेऊन वसवले तर दोन पिढ्यांत त्याचे छप्पर सपाट होईल. त्याचा 'वंश' काही बदललेला नसेल.

वर्गात काय करता येईल

शिबिरात दुसऱ्या दिवशी आम्ही तीच शहरे पुन्हा काढायला सांगितली. या वेळी प्रत्येक शहरासाठी पाच प्रश्नांची उत्तरे चित्राच्या मागे लिहायची होती. या लोकांची उंची आणि वजन किती? पाणी कुठून येते? धूर आणि घाण कुठे जाते? जवळपास बांधायला काय मिळते? इथे बाहेरचा माणूस कशासाठी येईल?

डोंगरांना धुराडी आली. झाडांना कठडे आले, एकीने तर खाली जाळे बांधले. राक्षसांचे शहर काढणाऱ्या त्या मुलाने तिसऱ्या प्रश्नापाशी बराच वेळ घेतला. त्याने कचरा पुसला नाही, पण शेजारी डोंगराकडून येणारा एक नाला काढला आणि मागे लिहिले, 'वरच्या शहराची घाण इकडे येते. त्यांना गटार बांधून दिलेले नाही.'

आम्ही त्याला काही सांगितले नव्हते, फक्त विचारले होते. शाळेच्या वाटेवर त्याला जी वस्ती लागते, तिच्याकडे पाहतानाही तो आता हाच प्रश्न विचारील, अशी आम्हाला आशा आहे.