धातुआयनांची जलयोजन-एन्थॅल्पी : मिठाच्या ओलाव्यावरून एक विवेचन

वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळ्याच्या कोळीवाड्यास मासळी खारविण्याच्या निमित्ताने मिठाचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. आगरातील कच्चे मीठ पावसाळा सरल्यावरही ओलसर राहते, हा तेथील नित्याचा अनुभव होय. शुद्ध सोडियम क्लोराइड सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्के झाल्याखेरीज हवेतील पाणी शोषून विरघळू लागत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडास मात्र 33 टक्के पुरतात. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे 10.8 ग्रॅम सोडियम व 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असते. मीठ प्रथम स्फटिकरूप होते. मॅग्नेशियम मागे उरणाऱ्या कडवट द्रवात साठते आणि त्याचा अंश मिठास चिकटून येतो. मॅग्नेशियमच्या या जलासक्तीचे मूळ पाहू.

वायुरूप आयन पाण्यात शिरला असता बाहेर पडणारी ऊष्मा म्हणजे जलयोजन-एन्थॅल्पी. एकट्या आयनासाठी ती प्रत्यक्ष मोजता येत नाही. प्रोटॉनचे मूल्य ठरवून विभागणी करावी लागते. म्हणून पुढील आकडे (किलोज्यूल प्रति मोल, ऋणचिन्ह वगळून) स्थूल मानावेत : लिथियम 520, सोडियम 406, पोटॅशियम 322, मॅग्नेशियम 1921, कॅल्शियम 1577.

गणात खाली जाता त्रिज्या वाढते व मूल्य घटते. विद्युत्‌भाराचा परिणाम याहून तीव्र आहे. सोडियम व कॅल्शियम आयनांच्या त्रिज्या अनुक्रमे 102 व 100 पिकोमीटर, म्हणजे जवळजवळ समान. तरीही कॅल्शियमचे मूल्य सुमारे 3.9 पट आहे. मॅक्स बोर्न यांच्या 1920 च्या सूत्रानुसार जलयोजनाची मुक्त ऊर्जा भाराच्या वर्गाच्या सम व त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट होता चौपटीची अपेक्षा येथे जवळजवळ पूर्ण होते. तथापि स्फटिकातील त्रिज्या घातल्यास सोडियमसाठी सुमारे 670 हे फार मोठे मूल्य येते. त्रिज्येत सुमारे 70 पिकोमीटर मिळविल्यावरच मेळ बसतो. कारण आयनालगतचे पाणी अखंड माध्यमासारखे वागत नाही.

संक्रमणी श्रेणीत आणखी एक गोष्ट दिसते. कॅल्शियम (1577), मँगॅनीज (1841) व जस्त (2046) यांचे द्विभारी आयन साधारण एका रेषेवर येतात. निकेल (2105) मात्र रेषेच्या सुमारे 150 वर आहे. एल. ई. ऑर्गेल यांनी 1952 मध्ये दाखविल्याप्रमाणे हा उंचवटा स्फटिक-क्षेत्रजन्य स्थैर्याचा होय. निकेलसाठी वर्णपटावरून ते सुमारे 120 येते.

येथे विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. जलयोजन-एन्थॅल्पी मोठी म्हणजे विद्राव्यता मोठी, असा नियम नाही. जालक-ऊर्जाही तितकीच वाढू शकते. मिठाच्या बाबतीत जालकास 787 लागतात आणि जलयोजनातून सुमारे 783 मिळतात; शेष केवळ 4. निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड विरघळताना मात्र दीडशेहून अधिक किलोज्यूल बाहेर पडतात. त्याचे षट्‌जलयोजित स्फटिक नुसते तापविल्यास सर्व पाणी सुटत नाही. जलविच्छेदन होऊन हायड्रोजन क्लोराइड निघून जातो. ओलसर मिठाची तक्रार म्हणूनच उन्हाने मिटत नाही. ते संपृक्त मिठवणीने धुऊन मॅग्नेशियमच काढावे लागते.