नावातून उलगडणारे रेणू

विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटी परिसरात ९ एप्रिल २०२४ रोजी एका खासगी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात सफाईसाठी उतरलेल्या चार कामगारांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांच्या बातमीत बहुधा ‘विषारी वायू’ एवढाच उल्लेख असतो. वस्तुतः साचलेल्या सांडपाण्यातून प्रामुख्याने चार वायू निर्माण होतात : हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया. यांपैकी प्रत्येकाचा रेणू दोनच मूलद्रव्यांचा असतो आणि ती दोन्ही अधातू असतात. अशा संयुगांची हीच खूण होय.

वसईच्या मिठागरांतील मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हेही दोनच मूलद्रव्यांचे. परंतु सोडियम धातू आहे. धातू व अधातू विद्युतभारित आयनांच्या रूपाने एकत्र येतात आणि भारांवरून त्यांचे प्रमाण ठरते. त्यामुळे नावात अणूंची संख्या सांगावी लागत नाही. अधातू मात्र इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात आणि तीच जोडी निरनिराळ्या प्रमाणांत जमू शकते. म्हणून मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा हे अनुक्रमे एक ते पाच ही संख्या दर्शविणारे उपसर्ग योजले जातात. पहिल्या मूलद्रव्याचे नाव तसेच राहते, दुसऱ्याच्या शेवटी ‘आइड’ येते. पहिल्याचा अणू एकच असल्यास ‘मोनो’ गाळतात. नायट्रोजनचे दोन व ऑक्सिजनचे पाच अणू असल्यास नाव होते डायनायट्रोजन पेंटॉक्साइड.

उपसर्गाचे मोल मोठे आहे. कार्बन डायऑक्साइड आपण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकतो. त्यातील ऑक्सिजनचा एक अणू कमी झाला की उरतो कार्बन मोनॉक्साइड. तो रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून ऑक्सिजनची वाट अडवतो व अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरतो.

टाकीतील चार वायूंपैकी हा नियम काटेकोरपणे पाळते ते केवळ कार्बन डायऑक्साइडचे नाव. मिथेन व अमोनिया ही रूढ नावे आहेत. हायड्रोजन सल्फाइडमध्ये हायड्रोजनचे दोन अणू असूनही संकेतानुसार ‘डाय’ लावत नाहीत.

या शेवटच्या वायूचे नाकही नीट निदान करीत नाही. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढताच घ्राणशक्ती बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला, असा घातक भ्रम होतो. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचतो. म्हणूनच टाकीत उतरण्यापूर्वी वायुमापक यंत्राने तपासणी, पुरेसे वायुवीजन आणि श्वसनसाधने अनिवार्य ठरतात. संरक्षक साधनांविना गटारात वा सेप्टिक टाकीत माणूस उतरविण्यास २०१३च्या कायद्याने मनाई आहे. गृहनिर्माण संस्थांनी सफाईचे काम देण्यापूर्वी या चार नावांची उजळणी अवश्य करावी.